मांडीवरची मनी आणि पाच अतिचार

वर्ध्याच्या जुन्या वस्तीतील एखाद्या जैन घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दिवस मावळण्यापूर्वीच जेवणे आटोपली आहेत. ओसरीच्या कोपऱ्यात कटासणे अंथरून घरातील वृद्ध आजी सामायिकास बसल्या आहेत. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आता त्या जागेवरून उठणार नाहीत. मन स्थिर झाले की नाही हे त्यांचे त्यांना ठाऊक; मांडी मात्र स्थिर झाली आहे, आणि ही गोष्ट घरातील मांजराने केव्हाच हेरून ठेवली आहे. सून स्वयंपाकघरात ये-जा करीत असते, मुलगा फोन वाजला की उठतो, नातवंडे तर एका जागी बसतच नाहीत. न हलणारी अशी मांडी या घरात एकच, आणि तीही ठरलेल्या वेळी हमखास मिळणारी.

मनी येते, दोनदा गोल फिरते, अंग टेकते, डोळे अर्धवट मिटते आणि घुरघुरू लागते. मग पुढचे दोन पंजे आळीपाळीने दाबू लागते. कणीक तिंबणाऱ्या हातांसारखी ती लय असते. प्रत्येक दाबासरशी पंजाची बोटे फाकतात, नखे बाहेर येतात आणि विरलेल्या सुती पातळातून थेट कातडीत रुततात. आजी हलत नाहीत. सामायिक पारून त्या उठतात, तेव्हा पातळावर रक्ताचे चार-दोन बारीक ठिपके उमटलेले असतात.

मग घरात चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, “आई, उद्या हिला पोत्यात घालून पवनारच्या पुढे, धाम नदीपलीकडे सोडून येतो.” सून म्हणते, “सोडायची कशाला? सामायिक होईपर्यंत दोरीने बांधून ठेवू.” नातवाच्या मते एक चापट दिली की ती पुन्हा मांडीकडे फिरकणार नाही. आलेला एखादा पाहुणा सांगतो की, परदेशात शस्त्रक्रिया करून मांजराची नखे मुळापासून काढून टाकतात. शेजारीण सुचविते, “दोन दिवस वाटी रिकामी ठेवा, आपण होऊन दुसरे घर शोधील.” आजी एवढेच म्हणतात, “राहू द्या. परीषह समजून सोसते मी.”

असे संवाद अनेक घरांतून होत असतात. विषय क्षुल्लक वाटतो. परंतु आजी ज्या व्रताचे दोष प्रतिक्रमणात नेमाने आठवतात, त्याच व्रताची परीक्षा या संवादात चाललेली असते. म्हणून हा विषय थोडा बारकाईने पाहणे योग्य ठरेल.

प्रथम मांजराची बाजू समजून घ्यावी. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. दूध पिताना ते आईच्या स्तनाभोवती पुढच्या पंजांनी दाबत राहते. त्या दाबाने दूध उतरण्यास मदत होते. ऊब, पोटभर दूध, आईची घुरघुर आणि पंजांची ही हालचाल यांची सांगड आयुष्याच्या पहिल्याच दिवसांत बसते. मांजर मोठे होते, दूध सुटते, पण सांगड सुटत नाही. मऊ आणि उबदार जागा मिळाली, मन निर्धास्त झाले, की पंजे आपोआप चालू लागतात. पंजांच्या गादीत गंधग्रंथीही असतात. त्यामुळे दाबलेल्या जागी मांजराचा स्वतःचा गंध उतरतो आणि ती जागा त्याला ओळखीची होते. मांजराची नखे एरवी कातडीच्या आवरणात आत ओढलेली असतात. बोटे ताणली की ती बाहेर येतात. मांडीवर पंजे दाबतानाही बोटे ताणली जातात, म्हणून नखे येतात. त्यात राग नसतो, दुखविण्याची इच्छा नसते. खालच्या कापडाआड मनुष्याची कातडी आहे आणि तिला वेदना होते, याची जाणीव त्या जीवाला नसते. त्याच्या दृष्टीने ती मांडी काही क्षण आईची कूस झालेली असते.

हे एकदा ध्यानी आले की घरात सुचविलेल्या उपायांकडे निराळ्या नजरेने पाहता येते. तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य आहे. एक परंपरा त्याच्या कर्त्यास उमास्वाती म्हणते, दुसरी उमास्वामी. त्याच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. हे दोष बैल, घोडे, गायी आणि नोकरचाकर बाळगणाऱ्या गृहस्थाला उद्देशून आहेत, असे सामान्यतः समजले जाते. ते खरेही आहे. परंतु वर्ध्याच्या त्या ओसरीवर पाच मिनिटांत जे उपाय सुचविले गेले, ते या यादीशी ताडून पाहावेत. सुनेची दोरी हा बंध. नातवाची चापट हा वध. पाहुण्याची शस्त्रक्रिया हा छेद. शेजारणीची रिकामी वाटी हा अन्नपाननिरोध. मुलाचे पोते हे तर बंध आणि अन्नपाननिरोध या दोहोंचे मिश्रण. कारण घरच्या वाटीवर वाढलेले मांजर नदीपलीकडच्या अनोळखी शिवारात सोडले, तर पहिले काही दिवस त्याच्या वाट्याला उपासमार आणि कुत्र्यांचे भय एवढेच येते. उरला अतिभार. मांजराच्या पाठीवर कोणी गोणी लादत नाही. पण ‘हिला कळायला नको का?’ असे म्हणून जी समज त्या जीवात नाही तिची अपेक्षा धरणे, आणि ती पुरी झाली नाही म्हणून त्याच्यावर चिडणे, हेही एक प्रकारचे ओझेच आहे.

या पाचांपैकी प्रत्येक उपाय व्यवहारातही फसतो. चापट मारली तर मांजराला त्या चापटीचा आणि पंजांचा संबंध कळत नाही. ज्या हाताजवळ निर्धास्त वाटत होते त्या हाताचे भय मात्र बसते. भ्यालेले मांजर अधिक ओरबाडते. बांधून ठेवलेले मांजर सुटण्यासाठी धडपडते, गळ्याला फास बसण्याची भीती असते, आणि त्याच्या ओरडण्याने सामायिकातील शांतता जाते ती निराळीच. उपाशी ठेवलेले मांजर घर सोडीत नाही. ते अधिक लोचट होते.

छेदाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण ‘नखे काढणे’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. ते पुन्हा उगवू नये म्हणून शस्त्रक्रियेत ते हाडच कापून काढावे लागते. मनुष्याच्या प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर छाटण्यासारखेच ते आहे. अशा मांजराच्या चालण्यात फरक पडू शकतो, दीर्घकाळ वेदना राहू शकतात, आणि स्वसंरक्षणाचे साधन गेल्यामुळे काही मांजरे चावू लागतात. ज्या परदेशाचा दाखला दिला जातो, तेथेही आता मत पालटले आहे. ब्रिटनमध्ये २००६च्या प्राणिकल्याण कायद्यान्वये ही शस्त्रक्रिया निषिद्ध आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. पाहुण्याने सांगितलेली गोष्ट त्या देशांतही मागे पडत चालली आहे.

भारताचा कायदाही येथे पाहण्यासारखा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ वाचले, तर त्यात मारणे व लाथाडणे, अतिरिक्त ओझे लादणे, आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, मालक असूनही पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे आणि अवयवविच्छेद करणे ही कृत्ये गुन्हा म्हणून नोंदलेली आढळतात. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. सूत्रकारांच्या पाच शब्दांचेच जणू हे विसाव्या शतकातील विस्तारित रूप. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमात लिहिलेला दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच आहे. तेव्हा मांजराचे रक्षण कायद्याच्या धाकाने होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. ते घरातील माणसांच्या विवेकानेच व्हावयाचे आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. श्रावकाने मांजर पाळावेच का? शंका रास्त आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ सांगितले आहे. त्यात धनप्राप्तीसाठी मांजर, कुत्रा, पोपट आदी प्राणी पोसण्याचा समावेश होतो. म्हणजे मांजरांचा व्यापार श्रावकाने करू नये, हे निःसंशय. परंतु विदर्भातील बहुतेक घरांत मांजर कोणी विकत आणलेले नसते. पावसाळ्याच्या एखाद्या रात्री भिजलेले पिल्लू कवेलूंच्या छपरावरून ओसरीत उतरते आणि राहते. आणावे की न आणावे हा प्रश्न तेथे उरत नाही. आलेल्या जीवाशी कसे वागावे, एवढाच उरतो.

आता आजींच्या सोसण्याविषयी. त्यांच्या शब्दांत श्रद्धा आहे आणि तिचा आदरच केला पाहिजे. परंतु सोसण्यालाही विवेकाची जोड लागते. पहिली गोष्ट शरीराची. उतारवयात कातडी पातळ होते, ओरखडा लवकर उमटतो आणि उशिरा भरतो. मधुमेह असेल, किंवा हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर बारीक जखमही दुर्लक्षिण्यासारखी नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आजी सोसतात, पण घरातील माणसांना ते ठिपके पाहवत नाहीत. आजींवरील प्रेमापोटीच त्यांचा राग मांजरावर साचत जातो, आणि एके दिवशी पोते निघते. ज्या जीवाला दुखवू नये म्हणून आजी निमूट राहिल्या, त्यांच्या निमूटपणामुळेच तो जीव घराबाहेर जातो. केवळ सोसल्याने येथे अहिंसा साधत नाही.

या जागी वर्ध्याच्या वाचकाला दूर जाण्याची गरज नाही. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना तरुण मोहनदास गांधींनी आपल्या मनातील धर्मविषयक प्रश्न श्रीमद् राजचंद्रांना पत्राने विचारले होते. ते प्रश्न २७ होते, आणि शेवटचा प्रश्न असा होता की, साप दंश करण्यास आला तर त्याला दंश करू द्यावा की मारावे. राजचंद्रांचे उत्तर तत्त्वदृष्टीचे होते. देह अनित्य आहे हे ज्याने खरोखर जाणले, त्याने त्या देहासाठी दुसऱ्या जीवाचा घात करणे योग्य कसे ठरेल, असा त्याचा आशय. प्रश्न दोनच पर्यायांचा होता: सोसावे की मारावे.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहावयास आले. त्याच शेगावचे पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तो परिसर शेतांचा आणि सापांचा. आश्रमात साप निघत. ते मारले जात नसत, आणि आश्रमवासीयांनी दंश सोसावा अशीही अपेक्षा नव्हती. साप लाकडी लांब चिमट्याने धरून, पिंजऱ्यात घालून दूर सोडला जाई. तो चिमटा आणि पिंजरा आश्रमात जाणाऱ्यास पाहावयास मिळतो. बापूकुटीत जाणारे बहुतेक लोक चरखा आणि बैठक पाहतात. त्या चिमट्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. पण १८९४ च्या प्रश्नात जो तिसरा पर्याय नव्हता, तो त्या लाकडी वस्तूत आहे. जीव घेऊ नये आणि देऊही नये, यासाठी कोणीतरी सुताराकडून एक साधन घडवून घेतले, ते हाताशी ठेवले आणि वापरावयास शिकले. जैन परिभाषेत याला जयणा म्हणतात. सापाच्या मानाने मांजराच्या नखांचा प्रश्न फारच लहान आहे. म्हणून त्याचे साधनही लहान आहे. घरातील जाड कापड, नखे कापण्याची छोटी कात्री आणि थोडी नियमितता.

पहिला उपाय कापडाचा. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटचा कापूस तर एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेला. जुन्या खादीच्या किंवा जाड सुती कापडाच्या चार-सहा घड्या एकत्र शिवून हातभर लांबी-रुंदीची छोटी गोधडी सहज होते. मांजर मांडीवर येण्यापूर्वी ती मांडीवर पसरावी, आणि नेहमी तीच पसरावी. काही दिवसांत तिच्यात मांजराचा गंध उतरतो आणि पंजे तिच्यावरच चालू लागतात. गोधडी वारंवार धुतली तर हा गंध जातो, म्हणून दोन गोधड्या आलटून पालटून वापराव्यात. उन्हाळ्यात हा उपाय अधिक आवश्यक ठरतो. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो, अंगावरचे कपडे विरळ होतात आणि नखांना अडविणारे काहीच उरत नाही. त्या दिवसांत जाड गोधडी मांडीवर नकोशी होते. तेव्हा ती शेजारी ओल्या फडक्याने पुसलेल्या थंड फरशीवर घालून मांजराला तेथे बसण्याची सवय लावावी.

दुसरा उपाय नखांचा. येथे छेद आणि कापणे यांतील भेद स्पष्ट ठेवावा. मांजराच्या नखाच्या मुळाकडील गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. टोकाचा पारदर्शक, आकड्यासारखा भाग निर्जीव असतो. तेवढेच टोक कापले तर मनुष्याने स्वतःची नखे कापण्याइतकेच ते वेदनारहित असते. मांजराला एकूण १८ नखे असतात, पुढच्या प्रत्येक पायाला ५ आणि मागच्या प्रत्येक पायाला ४. मांडीला रुततात ती पुढची. त्यामुळे दहांचीच काळजी पुरते. पोट भरून मांजर पेंगुळलेले असताना त्याचा पंजा हातात घ्यावा, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये बोट हलकेच दाबावे, नख बाहेर येईल. उजेडात गुलाबी भाग कोठे संपतो ते पाहून, त्यापासून दूर, केवळ टोक कापावे. नख काळपट असून आतले दिसत नसेल, तर फक्त वळलेला आकडाच उडवावा. एका बैठकीत दोन नखे झाली तरी पुष्कळ. मांजराने पाय ओढला तर सोडून द्यावा. उद्याचा दिवस असतोच. चुकून रक्त आले तर स्वच्छ कापसाने किंवा चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावून काही मिनिटे दाबून धरावे. दोन-तीन आठवड्यांनी नखे पुन्हा टोकदार होतात. ज्या घरात पाक्षिक प्रतिक्रमणाचा नेम आहे तेथे हे लक्षात ठेवणे सोपे आहे: पाक्षिकाच्या आदल्या दिवशी मनीचे पंजे पाहून घ्यावेत.

म्हाताऱ्या मांजराकडे अधिक लक्ष द्यावे. पुढच्या पायाच्या आतील बाजूस, अंगठ्यासारखे जे वरचे नख असते, ते जमिनीला टेकत नाही आणि झिजत नाही. वाढून वळले तर पंजाच्या गादीतच शिरते. तेथे नखे कापणे ही मांजराचीच सेवा ठरते. याउलट, जे मांजर दिवसाचा बराच वेळ बाहेर, छपरांवर आणि झाडांवर काढते, त्याला कुत्र्यापासून पळताना नखेच तारतात. अशा मांजराची नखे तशीच राहू द्यावीत आणि गोधडीवर भागवावे. मांजराला नखे ओरखडण्याची गरजही असते. त्याने नखांचे जुने कवच निघते. एका फळीला बारदान ठोकून किंवा सुतळी घट्ट गुंडाळून ती भिंतीला टेकवून पक्की बसवावी. मांजराला अंग पूर्ण ताणता येईल एवढी, अडीच-तीन फूट उंच, ती असावी.

तिसरा उपाय हातांच्या वागणुकीचा आहे. नखे रुतली की मनुष्य स्वाभाविकपणे मांजराला मागे ढकलतो. त्यामुळे आकडे कापडात आणि कातडीत अधिक ओढले जातात, आणि मांजर तोल सावरण्यासाठी आणखी घट्ट धरते. त्याऐवजी पंजा किंचित पुढे, नखाच्या टोकाच्या दिशेने सरकवावा. आकडा आपोआप सुटतो. पंजे चालू असताना पाठीवरून हात फिरविला तर मांजर अधिक सुखावते आणि पंजे अधिक जोराने चालतात. म्हणून त्या वेळी हात थांबवावा. दोन्ही पंजांखाली आपला तळवा अलगद सरकवून मांजराला कुशीवर वळविले तर बहुधा ते निजते. तरीही थांबले नाही तर न ओरडता, न झटकता उचलून शेजारच्या गोधडीवर ठेवावे. हे घरातील सर्वांनी सारखेच केले पाहिजे. एकाने लाड केले आणि दुसऱ्याने झटकले, तर त्या जीवाला काहीच उमगत नाही.

सामायिकात मात्र हात हलविता येत नाहीत, उठताही येत नाही. म्हणून तेथे तयारी आधी करावी. बसण्यापूर्वी पाव तास नातवाने मांजराशी दोरीचा तुकडा हलवीत खेळावे, त्याला त्याची वाटी द्यावी. दमलेले आणि पोट भरलेले मांजर निजते. तरी ते मांडीवर येणारच असेल, तर गोधडी अगोदरच मांडीवर असावी.

आरोग्याची काळजी या सर्वांबरोबरच घ्यावी. मांजरालाही रेबीज होऊ शकतो आणि त्याच्यापासून मनुष्याला होऊ शकतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढील लसींचे वेळापत्रक पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. अंगावर पिसवा होऊ देऊ नयेत. पिसवांची घाण नखांत राहून ओरखड्यातून जंतुसंसर्ग होतो, काखेतील वा जांघेतील गाठी सुजतात, ताप येतो. नखाने रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. मांजराला लस दिलेली नसेल, ते बाहेर भटकणारे असेल किंवा त्याच्या वागण्यात एकाएकी बदल झाला असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे; मधुमेही व्यक्तीने तर लहान जखमही दाखवावी. नखे कापणे जमत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे. एकदा पाहिले की हाताची भीती जाते.

पुन्हा त्या ओसरीकडे वळावे. महिना लोटला आहे. आजी सामायिकास बसल्या आहेत, शेजारी वाळूचे घड्याळ झिरपत आहे. मांडीवर खादीची घडी आहे, तिच्यावर मनी आहे. पंजे चालूच आहेत. ते थांबावेत अशी कोणाची अपेक्षाही उरलेली नाही. नखांची टोके बोथट आहेत, कापड जाड आहे, आणि पातळावर ठिपके नाहीत. मुलाने पोते पुन्हा कोठीत घडी करून ठेवले आहे, सुनेने दोरी कपडे वाळविण्यासाठी बांधली आहे. आजींना आता सोसावयाचे काही राहिले नाही, त्यामुळे परीषहाची भाषाही घरात निघत नाही. वाळू खाली येते, आजी सामायिक पारतात, गोधडीसकट मनीला उचलून बाजूला ठेवतात. ती एक डोळा उघडून पाहते आणि पुन्हा निजते. पाक्षिक तीन दिवसांवर आले आहे. परवा तिचे पंजे पाहावयाचे आहेत, हे नातवाच्या लक्षात आहे.